एकाच ताग्यातलं कापड

ताई, ज्या प्रश्नावरून आपण दोघं इतकी वर्षं भांडलो, तो मायनं परवा विचारला. मला विचारला, कारण विचारायला आता मीच उरलोय. काय उत्तर दिलं ते सांगतो, पण शेवटी. त्याआधी जरा माझं ऐकून घे. आयुष्यात पहिल्यांदा मी बोलतोय आणि तू मध्येच "दिल्या, मुद्द्यावर ये" म्हणत नाहीयेस. ही सवलत मला नको होती गं.

घर फार शांत झालंय. तुझ्या छातीतल्या धातूच्या झडपेची टिकटिक जेवायला बसलं की ऐकू यायची आणि नवे पाहुणे भिंतीवर घड्याळ शोधायचे. तू त्यांना कधी खरं सांगितलं नाहीस. "ते जरा मागं पडतं, त्याच्यावर जाऊ नका," म्हणून भाजी वाढायचीस. माय पदरात तोंड लपवून हसायची. तेराव्यानंतर शेजारच्या काकू येऊन बसल्या, इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमचा फ्रिज बंद पडला का? घरात कायतरी चालू नाही वाटत." मी उठलो आणि फ्रिज उघडून बघितलं. चालू होता. मग तिथंच, उघड्या दारात, मला रडू आलं.

त्या सकाळी चहाचा कप तुझ्या हातातून निसटला. मी म्हणालो, "प्राध्यापकबाई, कप धरायला शिका." तू हसायला गेलीस आणि तुझं हसू एकाच बाजूला आलं. पुढचं सगळं तुला माहीत आहे. तू शुद्धीवर होतीस. इंदूरच्या वाटेवर गाडीत मी तुझ्या उशाशी बसलो होतो. बोलणं गेलं होतं तुझं. चार भिंतींच्या वर्गात माइक न घेता शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाणाऱ्या बाईचं बोलणं गेलं, आणि मी, ज्याला तू आयुष्यभर बडबड्या म्हणालीस, मला बोलण्यासारखं काही सुचेना. निंबोल्याजवळ दोन्ही बाजूंना केळीचे मळे लागले तर मी म्हणालो, "बघ, यंदा घड चांगले धरलेत." मरणाच्या वाटेवर असलेल्या बहिणीला मी केळीचं पीक सांगत होतो. तू माझ्याकडं बघत होतीस. तोंडी परीक्षेत एखाद्या पोराला उत्तर येत नसलं की तू त्याच्याकडं बघतेस ना, घाई नको, येईल तुला, असं, तसं बघत होतीस. असीरगडचा घाट चढेपर्यंत तू होतीस.

झडपेवर रक्ताची गाठ धरली होती, ती सुटून वर मेंदूत गेली, असं डॉक्टरांनी सांगितलं. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या तू चुकवत नव्हतीस, तरी असं होतं म्हणाले कधीकधी. मी मान हलवली. "कधीकधी" या शब्दाचा मला आता फार राग येतो.

कॉलेजात शोकसभा झाली. तुझ्या फोटोला हार घालून सगळे बोलले. एक साहेब म्हणाले की मॅडमनी रोगजंतूंच्या पृष्ठभागावरील प्रथिनांच्या अभ्यासासाठी आपलं जीवन वेचलं. मी मराठीचा मास्तर, वाक्य तपासून पाहिलं. बरोबर होतं, एक मात्राही चुकीची नव्हती. पण त्यात तू कुठंच नव्हतीस. तुझ्या मागच्या बाकावरच्या पोरींनी त्यापेक्षा बरं केलं. त्या नुसत्या रडल्या.

कारण तुझा विषय तू निवडला नव्हतास. त्यानंच तुला निवडलं होतं, तू चौथीत असताना.

मला तुझा तो ताप अंधुक आठवतो. घसा लाल, थुंकी गिळवेना. मायनं केलं तेच जे आपल्या अख्ख्या गल्लीत कोणाचाही घसा दुखला की ती करायची. पडजीभ उचलली. उजव्या अंगठ्याला हळद आणि मीठ लावायचं, पोराचं तोंड उघडायचं, आणि आत टाळूमागं लोंबणारी जीभ वर दाबायची. पोर ओकाऱ्या काढतं, रडतं, आणि दोन दिवसांत बरं होतं. तूही बरी झालीस. मायच्या अंगठ्याला यश आहे असं लोक म्हणतच होते. मग काही दिवसांनी तुझा गुडघा सुजला, तो उतरला तर घोटा, तो उतरला तर कोपर. लोक म्हणाले हाडं वाढतात पोरीची. मायनं तेल लावलं. आणि एक दिवस शाळेचा जिना चढताना तू मध्येच बसलीस आणि म्हणालीस, मला श्वास पुरत नाहीये.

डॉक्टरांनी बाबांना बाहेर बोलावून सांगितलं. घशातला जंतू होता, तेव्हाच औषध झालं असतं तर हृदयापर्यंत गोष्ट गेली नसती. बाबांनी घरी येऊन मायला एवढंच सांगितलं की पोरीचं काळीज कमजोर आहे, दर तीन आठवड्यांनी सुई लागेल. ते जाईपर्यंत त्यांनी त्यात एक शब्द वाढवला नाही. मला सांगितलं ते तुझी झडप बदलत होते त्या दिवशी, दवाखान्याच्या पायरीवर बसून. तुला कोणी सांगायची गरजच नव्हती. तू कॉलेजच्या पहिल्याच वर्षी पुस्तकात स्वतःला वाचून बसली होतीस.

ती सुई आठवते? पेनिसिलिनची, जाड, मागं द्यायची. मला बरोबर न्यायचे ते तुझा हात धरायला. खरं तर हात तूच माझा धरायचीस, कारण सुई बघून रडायचो मी. बाहेर आल्यावर मावा जिलेबी. तू लंगडत चालायचीस आणि आपल्या पुड्यातली अर्धी मला द्यायचीस, म्हणायचीस, "तुले जास्त दुखलं ना." तुझ्या दुखण्यावर मी इतकी जिलेबी खाल्ली आहे ताई, की त्या चौकातून आता माझ्यानं जाववत नाही.

लग्नाचं कोणी बोललं नाही. "काळजाची पोरगी" असं तुझं नावच पडलं होतं. तू शिकत गेलीस, बाहेर गेलीस, आणि शिकून झाल्यावर मोठ्या संस्थेतली जागा सोडून परत बुऱ्हाणपुरात येऊन पोरांना सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायला लागलीस. लोक म्हणाले, प्रकृतीमुळं आली. मीही तेच समजलो. तू म्हणालीस, "दिल्या, तिथं यंत्रं आहेत, पण घसे इथं आहेत ना."

तो जंतू किती देखणा असतो हे मला तूच दाखवलंस. मेंढीचं रक्त घालून लाल केलेली बशी, त्यावर टाचणीच्या टोकाएवढे थेंब, आणि प्रत्येक थेंबाभोवती रक्त विरघळून झालेलं स्वच्छ कडं. मी म्हणालो, छान दिसतंय. तू म्हणालीस, "हो, मलाही छान वाटतो हा हरामखोर." मग सांगितलंस की त्याच्या अंगावर केसांसारखं एक प्रथिन असतं. त्याच्या जिवावर तो घशाला धरून राहतो, शरीराच्या पहारेकऱ्यांना चकवतो. आणि त्या प्रथिनाचा काही भाग आपल्या हृदयातल्या प्रथिनासारखा असतो. शरीर जंतूवर उठतं, जंतू मरतो, पण उठलेला हात थांबत नाही. तो हृदयावर पडतो. गावागावात त्या प्रथिनाचे वेगवेगळे प्रकार असतात. आपल्या तापीकाठच्या पोरांच्या घशात कोणते आहेत, हे तुला शोधायचं होतं. सुट्टी लागली की तू जंतू नीट बंद करून बाहेरगावच्या प्रयोगशाळेत घेऊन जायचीस आणि महिनाभर तिथंच असायचीस. इतर बायका माहेरी जातात, तू तिथं जायचीस.

मला हे प्रथिनाचं काही केल्या कळेना, तेव्हा तू ती ताग्याची गोष्ट सांगितलीस. पुढं वर्गातही तीच सांगायला लागलीस, माझी परवानगी न घेता.

बाबा लूमवर मिस्त्री होते. दिवाळीला मालक त्यांना डाग पडलेला एखादा तागा द्यायचे आणि माय त्या एकाच ताग्यातून आपल्या सगळ्यांचे कपडे शिवायची. त्या वर्षी चॉकलेटी कापड होतं, पिवळ्या रेघांचं. माझा सदरा, तुझा फ्रॉक, आणि उरलेल्या तुकड्याची उशीची खोळ. मायनं रवा-तुपाचा गोड दराबा करून देवासमोर झाकून ठेवला होता. नैवेद्याआधीच मी त्यात मूठ घातली आणि पळालो. मायनं दारातून फक्त रेघा बघितल्या. तू न्हाणीजवळ पाठमोरी बसून भांडी घासत होतीस. माय आली आणि लाटण्याचा असा एक फटका तुझ्या पाठीत घातला की ताट हातातून उडालं. तू वळलीस. मायनं तुझं तोंड बघितलं आणि मटकन खाली बसली. मग दराब्याचा अख्खा डबा तुझ्या मांडीत ठेवून ती रडत राहिली, आणि तू खात राहिलीस. मी माळ्यावर उपाशी.

वर्गात तू विचारायचीस, "आई वाईट होती का?" पोरं म्हणायची, नाही. "आंधळी होती?" नाही. "मग?" आणि मग तूच सांगायचीस, "ती राखण करत होती. कापड बघितलं, तोंड बघितलं नाही. शरीराचं तसंच होतं. जंतू आणि काळीज, एकाच ताग्यातलं कापड." आपल्या गावातल्याच लालबागच्या शाळेत तू पालकांपुढं भाषण केलंस तेव्हा माय पहिल्या रांगेत होती. फटका आला तिथं सगळ्यांबरोबर मायही हसली. मी मागून तिला बघत होतो. मला वाटलं, तिला फक्त गंमत कळली.

तुझ्या त्या रविवारांना मी सर्कस म्हणायचो. माय दारापुढच्या ओट्यावर, शेजारी तुझं स्टूल. घसा दुखणारी पोरं लांबून यायची, कोणी फोपनारहून, कोणी पलीकडच्या मोहल्ल्यातून, सगळी मायच्या अंगठ्यासाठी. आणि तुझा नियम ठरलेला: आईबापाला समजावून सही घ्यायची, मग "आधी काडी, मग अंगठा." टोकाला कापूस लावलेली काडी तू घशातून फिरवून नळीत ठेवायचीस, मायला साबणानं हात धुवायला लावायचीस, मग तिचा अंगठा. माय कुरकुरायची, "माझा हात इतके वर्स काय घाण व्हता का?" ज्या पोराच्या बशीत ते स्वच्छ कडं उमटेल, त्याच्या घरी तू स्वतः चालत जायचीस. त्याला डॉक्टरकडं न्यायला लावायचीस, औषध पुरं झालं का ते बघायला पुन्हा जायचीस. जिना चढताना धापा टाकत. मोठ्या माणसांना कळत नसे की साध्या घसादुखीसाठी ही बाई एवढी का मागं लागते.

आणि मी म्हणायचो, हा सगळा तमाशा बंद कर. मायला खरं सांग.

किती वेळा झालं गं हे भांडण. मी म्हणायचो, लोक त्या अंगठ्यावर विसंबतात, दर रविवारी तू शेजारी नसशील, तेव्हा काय? तू म्हणायचीस, "पोरं तिच्याकडं येतात म्हणून माझ्याकडं येतात. अंगठा बंद झाला तर ती डॉक्टरकडं जातील असं वाटतं तुला? घरातच बसतील." मी म्हणायचो, ही झाली तुझी सोय. तू वर्गात पोरांना सांगतेस की प्रयोगाचा नको असलेला निकालही लपवायचा नाही. मग घरात? यावर तू एकदा खरंच चिडलीस. टिकटिक वाढलेली मला दोन हातांवरून ऐकू येत होती. म्हणालीस, "घर म्हणजे पेपर नाही, दिल्या. तिला सांगून माझी झडप परत येणार आहे का? तिच्याजवळ तेव्हा काय होतं? हळद होती, मीठ होतं आणि अंगठा होता. जे होतं ते तिनं सगळं लावलं."

मी म्हणालो, तरी खरं ते खरं. तू म्हणालीस, "मग तूच सांग. बघू सांगतोस का."

तिथंच ते राहिलं.

आता परवाचं. रविवार होता. माय सवयीनं ओट्यावर जाऊन बसली. मी शाळेच्या वह्या तपासायला तिच्याजवळ बसलो होतो, तपासत काही नव्हतो. गल्लीच्या टोकाची एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली. तिला तुझं कळलेलं होतं, डोळ्याला पदर लावून म्हणाली, "माँजी, बच्ची का गला बहुत दुख रहा है." मायनं वाटीत हळद-मीठ कालवलं. अंगठा त्यात बुडवला. मुलीनं आ केला. आणि माय थांबली. तुझ्या स्टुलाकडं बघितलं. अंगठा तसाच हवेत.

"काडी कोन लावीन आता?" ती म्हणाली. कोणाला म्हणाली ते कळलं नाही. मग त्या बाईला म्हणाली, "डाक्टरले दाखव बेटा. आजच. कल मत करना."

बाई जरा हिरमुसून गेली. मायनं वाटी उपडी केली, नळाखाली हात धुतला, पुन्हा धुतला. येऊन बसली. आणि माझ्याकडं न बघता विचारलं.

"दिलीप, तू मास्तर हायस. मले खरं सांग. कुंदीचा घसा दुखे तवा तिले डाक्टरकडं नेली असती, तर तिचं काळीज शाबूत राहतं का?"

ताई, माझ्याकडं उत्तर तयार होतं. इतक्या वर्षांच्या भांडणात घासून पुसून लख्ख केलेलं. खरं ते खरं. मी तिच्याकडं बघितलं. ती आता इतकीशी झालीय. अंगठ्याच्या नखात हळद राहिली होती, दोनदा धुऊनही. तू म्हणाली होतीस, बघू सांगतोस का. तुला माहीत होतं.

मी म्हणालो, "नाही माय. काही फरक पडला नसता. तिच्या नशिबात होतं ते."

नशीब. तुझ्यासमोर हा शब्द काढला असता तर तू मला घराबाहेर काढलं असतंस.

समोरून केळीची एक गाडी गेली, धूळ बसली. मग माय म्हणाली, "तीबी असंच म्हने."

मी म्हणालो, "कोण?"

"कुंदी. मी इचारलं व्हतं ना तिले, लालबागच्या शाळेतून आल्यावर. ते ताग्याचं सांगितलं तिनं तवा. फरक नसता पडला म्हने माय. अन् तुझ्यासारखीच खाली पाहे, म्हनतानी."

म्हणजे तुम्ही दोघी ओट्यावर शेजारी शेजारी बसत होता, काडी आणि अंगठा, तेव्हा हे तुमच्यात होऊन गेलेलं होतं. तिला ठाऊक होतं. तिला ठाऊक आहे हे तुला ठाऊक होतं. दर रविवारी ती आधी तुझी काडी होऊ द्यायची आणि साबणानं हात धुवायची, कुरकुरत. मी मात्र मधल्या दारात उभा राहून तुला सत्य म्हणजे काय ते शिकवत होतो. एकदा तरी सांगायचंस गं मला. भांडण तरी लवकर हरलो असतो, आणि ती वर्षं आपण दुसरं काहीतरी बोललो असतो.

मला मान वर करता येईना. तुझ्यासाठी रडत होतो की माझ्यासाठी की तिच्यासाठी, मला नाही सांगता येत. गुडघ्यांत तोंड घालून पाठमोरा झालो मी, मोठा माणूस, पोरांना शिकवणारा.

मागं मायच्या बांगड्या वाजल्या. ती उठून माझ्या समोर आली, दोन्ही हातांनी माझी हनुवटी वर केली, आणि माझं तोंड नीट बघून घेतलं. मगच तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.